स्कूल डिस्ट्रिक्टचं बजेट : पैसे दिसतात, तरी शिक्षक कपात का? (राज्यांचे कायदे)

कोयनाकाठ
कॅलिफोर्नियातल्या एका मध्यम युनिफाइड डिस्ट्रिक्टचं (बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) बजेट उघडून बसलोय आणि डोकं गरगरतंय. एका पानावर कपातीच्या नोटिसांचा ठराव, त्यात एक ग्रंथपाल आणि दोन समुपदेशक. दोन पानं पुढे नवी व्यायामशाळा बांधायला घेतलेली. त्याच्या पुढे खात्यात काही कोटी डॉलर शिल्लक. आणि शेवटी संगीत शिक्षकाच्या नव्या पदाला मंजुरी!

पैसा कशावर खर्चायचा हे बोर्ड ठरवतं की सॅक्रामेंटो, म्हणजे राज्य सरकार? सॅक्रामेंटोच ठरवत असेल तर मतं मागून निवडून आलेलं बोर्ड करतं काय? माझं मत सरळ आहे. राज्याने एकरकमी पैसे द्यावेत आणि बाजूला व्हावं. जाणकारांनी समजावून सांगा.

तिरपागडा
मिसळणाचा डबा बघितलाय ना? हळदीची वाटी भरलेली असली म्हणून ती जिऱ्याच्या जागी फोडणीत पडत नाही. संपला धागा.

हिशेबनीस
तिरपागडा यांनी विनोद केला, पण उत्तर तेच आहे. कोयनाकाठ, तुमच्या चारही गोष्टी चार वेगळ्या वाट्यांतल्या आहेत.

व्यायामशाळा : हा बाँडचा, म्हणजे कर्जरोख्यांचा पैसा, फंड २१. २००० च्या प्रॉपोझिशन ३९ ने (प्रॉपोझिशन म्हणजे मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेला कायदा) शाळांचे बाँड ५५ टक्के मतांवर मंजूर होऊ लागले, पण त्याच दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय की या पैशातून शिक्षकांचे किंवा प्रशासकांचे पगार देता येणार नाहीत. रोजचा खर्च चालतो फंड ०१ मधून, म्हणजे जनरल फंडातून. बिल्डरांकडून येणारं शुल्क फंड २५ मध्ये, कँटीन फंड १३ मध्ये. व्यायामशाळेचं काम उद्या थांबवलं तरी त्यातला एक डॉलर ग्रंथपालाकडे जाणार नाही.

संगीत शिक्षक : नोव्हेंबर २०२२ चं प्रॉपोझिशन २८. यात कला आणि संगीतासाठी वेगळी रक्कम येते. ५०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या डिस्ट्रिक्टला त्यातले किमान ८० टक्के माणसं नेमण्यावरच घालावे लागतात, प्रशासनाला जास्तीत जास्त १ टक्का, उरलेलं साहित्य, प्रशिक्षण वगैरेला. शिवाय हा पैसा आधीच्या खर्चात भर म्हणून वापरायचा. जुन्या संगीत शिक्षकाचा पगार इकडे ढकलून जनरल फंड मोकळा करणं चालत नाही. बऱ्याच ठिकाणी गाडी नेमकी इथेच अडते, कारण वाचलेल्या पैशावर बोर्डाचा डोळा असतो.

शिल्लक : राज्य किमान राखीव टक्केवारी ठरवून देतं. सरासरी हजेरी ३०० पर्यंत असेल तर ५ टक्के, १००० पर्यंत ४, ३०,००० पर्यंत ३, त्यावर २, आणि सगळ्यात मोठ्यांना १. तुमचं डिस्ट्रिक्ट २५ कोटींचं धरा. ३ टक्के म्हणजे ७५ लाख. पगार आणि भत्ते ८० टक्के धरले तर महिन्याचा पगारखर्च १ कोटी ६७ लाख. म्हणजे ही सक्तीची शिल्लक जेमतेम १३-१४ दिवसांचे पगार भागवते.

ग्रंथपाल राहिला. त्यावर नंतर लिहितो, ते प्रकरण जरा किचकट आहे.

शेवग्याची शेंग
शिल्लक रकमेत आणखी एक मेख आहे. 'काही कोटी' दिसतात त्यात निर्बंधित शिल्लक किती हे पाहा. विशिष्ट योजनेसाठी आलेला पण अजून न खर्चलेला पैसा त्याच बेरजेत असतो. 'अनअसाइन्ड', म्हणजे कशासाठीच राखून न ठेवलेली, ही ओळ बोर्डाला सहज हलवता येणारी. आणि ती जरी मोठी असली तरी एकदाच येणारा पैसा दरवर्षी द्यायच्या पगाराला लावला की दोन वर्षांनी खड्डा तिथेच, उलट पगाराची पायरी चढल्यामुळे जास्त खोल. डिसेंबर आणि मार्चच्या अंतरिम अहवालात चालू वर्ष आणि पुढची दोन वर्षं दाखवावी लागतात, त्यात हा खड्डा उघडा पडतो. मग बोर्डाला स्वतःच 'क्वालिफाइड' किंवा 'निगेटिव्ह' असा शेरा द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर देखरेख करणारं काउंटीचं शिक्षण कार्यालय बदलतं.

कोयनाकाठ
मग नोटिसा मार्चमध्येच का? राज्याचं बजेट तर जूनमध्ये मंजूर होतं.

शेवग्याची शेंग
कारण कायदा. प्राथमिक नोटीस १५ मार्चपर्यंत, अंतिम १५ मेपर्यंत. डिस्ट्रिक्टला आपलं बजेट १ जुलैच्या आत मंजूर करायचं असतं. मार्चमध्ये हातात असतो फक्त गव्हर्नरचा जानेवारीतला प्रस्ताव. वेळेत नोटीस दिली नाही तर पुढचं वर्षभर त्या माणसाला ठेवणं भाग. म्हणून गरजेपेक्षा जास्त नोटिसा निघतात आणि मेमध्ये निम्म्या मागे घेतल्या तरी कुणाला नवल वाटत नाही. मधल्या दोन महिन्यांत चांगले शिक्षक दुसरीकडे अर्ज करून मोकळे होतात, तो भाग वेगळा.

प्लेनोकर
टेक्सासचं सांगतो. इथे दोन कर स्वतंत्र : देखभाल आणि चालू खर्चाचा एक, बांधकाम-कर्जफेडीचा दुसरा. दुसऱ्यातून पगार नाही. म्हणूनच शेजारच्या ॲलनमध्ये जवळपास ६ कोटी डॉलरचं फुटबॉल स्टेडियम २०१२ ला उभं राहू शकलं. २०१४ मध्ये काँक्रीटला भेगा गेल्या म्हणून ते बंद ठेवावं लागलं, तोही खर्चाचाच विषय :)

पगाराबद्दल २०१९ च्या हाउस बिल ३ ने एक हुशार कलम घातलं. प्रति विद्यार्थी मूळ रक्कम, म्हणजे बेसिक अलॉटमेंट, जेवढी वाढेल त्या वाढीतले ३० टक्के कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढीला द्यायचे, आणि त्या ३० तले ७५ टक्के शिक्षक, समुपदेशक, नर्स आणि ग्रंथपालांना. कागदावर सुंदर. पण अट वाढीवर लावलेली. ६१६० डॉलर ही रक्कम २०१९ नंतर २०२५ पर्यंत हललीच नाही. वाढ शून्य, मग शून्याचे ३० टक्के किती ते तुम्हीच काढा.

२०२५ च्या हाउस बिल २ ने पद्धत बदलली. मूळ रकमेत फक्त ५५ डॉलरची भर, आणि शिक्षकांसाठी थेट वेगळी रक्कम : ३-४ वर्षं अनुभवाला २५००, ५ किंवा अधिकला ५०००. विद्यार्थीसंख्या ५००० पर्यंत असलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये हेच आकडे ४००० आणि ८०००. आता ४९०० मुलांचं एक डिस्ट्रिक्ट आणि शेजारचं ५१०० चं यांच्यात एकाच अनुभवाच्या शिक्षकाला ३००० पर्यंतचा फरक. ग्रंथपाल, नर्स, बसचालक यांना या वाट्यात काही नाही.

बेडूकराव
अवांतर : आपल्याकडे बरं. अनुदानित शाळेत शिक्षकाचा पगार शालार्थ या सरकारी वेतनप्रणालीतून थेट त्याच्या खात्यात, आणि खडू-फळ्यासाठी वेतनेतर अनुदानाची वाट बघत बसायची. संस्थाचालकाला वाटायला काही उरतच नाही.

तिरपागडा
बेडूकराव, संस्थाचालक काय वाटतात आणि कुणाला वाटतात हा दुसऱ्या धाग्याचा विषय. तो काढलात तर पाचशे प्रतिसाद नक्की.

आडकित्ता
कोयनाकाठ यांच्या 'एकरकमी द्या आणि बाजूला व्हा' या मताशी असहमत. कॅलिफोर्नियाने नेमकं तेच करून पाहिलंय. २०१३ साली गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी एलसीएफएफ हे निधीवाटपाचं नवं सूत्र आणलं, आधीच्या सवत्या योजनांपैकी तीन-चतुर्थांशाच्या आसपास मोडीत काढल्या आणि बोर्डांना मोकळीक दिली. एकच अट ठेवली. गरीब, इंग्रजी शिकणारी आणि फॉस्टर केअरमधली मुलं यांच्या नावाने येणारा जादा पैसा त्यांच्यासाठीच्या सेवा वाढवण्यासाठी खर्चायचा.

हिशोब असा. अशा मुलांचं प्रमाण ४० टक्के असेल तर मूळ रकमेच्या २० टक्क्यांचे ४० टक्के, म्हणजे ८ टक्के जादा. प्रमाण ७० टक्के असेल तर १४ टक्के, शिवाय ५५ च्या वरच्या १५ टक्क्यांवर ६५ टक्के दराने ९.७५. एकूण २३.७५ टक्के. प्रति मूल मूळ रक्कम १०,००० धरली तर २३७५ डॉलर. लहान रक्कम नाही ही.

तर या एका अटीचं काय झालं? लॉस एंजलिस युनिफाइडने आधीपासून चालू असलेला विशेष शिक्षणाचा खर्च या मुलांच्या सेवांमध्ये मोजला. खटला झाला, २०१७ मध्ये तडजोड झाली आणि तीन वर्षांत ५० शाळांवर १५ कोटी डॉलरच्या वर खर्च करायचं ठरलं. अट होती म्हणून निदान कोर्टात जाता आलं. अटच नसती तर कुणाला कळलंही नसतं.

कोयनाकाठ
मुद्दा मान्य, पण अर्धाच. अट 'कुणासाठी' ही असावी. 'कशावर' ही नसावी.

एडिसनवाला
'कशावर' ठरवल्यावर काय होतं त्याचा न्यू जर्सीतला नमुना. २०११ मध्ये सुपरिंटेंडंटच्या, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य प्रशासकाच्या पगारावर कमाल मर्यादा घातली, बहुतेकांसाठी गव्हर्नरच्या १,७५,००० च्या आत. प्रशासनाचा खर्च आटोक्यात येईल ही अपेक्षा. सीमेपलीकडे न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियात अशी मर्यादा नव्हती, त्यामुळे अनुभवी माणसं तिकडे निघाली. २०१९ मध्ये मर्यादा उठवली.

आणि शिल्लक रकमेबाबत इथे कॅलिफोर्नियाच्या उलटं. तिथे किमान ठेवा म्हणतात, इथे २ टक्क्यांच्या वर ठेवू नका म्हणतात. वरचा पैसा पुढच्या बजेटात करसवलतीसाठी वापरावा लागतो. कर वाढवायलाही वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा. ना साठवता येत, ना वाढवता येत.

शेवग्याची शेंग
उलटं पूर्णपणे नाही. कमाल मर्यादा कॅलिफोर्नियातही आहे, फक्त ती झोपलेली असते. राज्याच्या शालेय स्थिरता निधीत पुरेशी रक्कम साठली की पुढच्या वर्षी डिस्ट्रिक्टच्या राखीव रकमेवर १० टक्क्यांची मर्यादा लागू होते. २५०० पर्यंत हजेरीची लहान डिस्ट्रिक्टं आणि पालो अल्टोसारखी मालमत्ता करावरच चालणारी त्यातून वगळलेली. मर्यादा लागली की हिशेबनीस मंडळी ताबडतोब रक्कम 'अमुक कामासाठी राखून' असा बोर्डाचा ठराव करून घेतात, मग ती मोजणीत येत नाही.

हिशेबनीस
:) कायदेशीर आहे हो ते.

आता ग्रंथपाल. कॅलिफोर्निया एज्युकेशन कोड, कलम ४१३७२. चालू शैक्षणिक खर्चापैकी प्राथमिक डिस्ट्रिक्टने ६०, युनिफाइडने ५५ आणि हायस्कूल डिस्ट्रिक्टने ५० टक्के वर्गातल्या शिक्षकांच्या वेतनावर घातलेच पाहिजेत. ऐकायला शिक्षकांच्या बाजूचं वाटतं. पण अंशात काय धरतात ते पाहा : हिशोब कोड ११०० (शिक्षक) आणि २१०० (वर्गातले मदतनीस), अधिक त्यांचे भत्ते. समुपदेशक, ग्रंथपाल, नर्स, मानसशास्त्रज्ञ हे सगळे १२०० मध्ये. ते छेदात येतात, अंशात नाहीत.

उदाहरण : छेद २० कोटी, अंश ११ कोटी. बरोब्बर ५५. आता विम्याचा हप्ता, वीज आणि एजन्सीकडून घेतलेले वाचाउपचार तज्ज्ञ मिळून १ कोटीने वाढले. ११ भागिले २१, म्हणजे ५२.४. एकाही शिक्षकाचा पगार न कापता डिस्ट्रिक्ट कायद्याच्या बाहेर! तूट मग २.६ टक्के, साधारण ५५ लाख. ऑडिटमध्ये शेरा बसतो आणि काउंटी सुपरिंटेंडंट ती रक्कम पुढच्या वर्षी शिक्षकांच्या वेतनात घालायला लावू शकतो. अशा वेळी बजेटवाल्याची नजर आधी १२०० वर जाते. तो आकडा कापला की छेद कमी होतो, अंशाला धक्का लागत नाही.

आडकित्ता
विशेष शिक्षणाची मुलं बाहेरच्या खासगी शाळांत पाठवतात, त्याचं शुल्कही याच छेदात भर घालतं. खरा बोजा तो आहे.

हिशेबनीस
नाही, तेवढं सोडून. बाहेरच्या शाळांचं ते शुल्क (फंक्शन ११८०) वजा होतं. तसंच मुलांची वाहतूक, जेवण, बांधकाम आणि निवृत्तांचे आरोग्यभत्तेही. लॉटरीचा पैसाही वगळता येतो. बऱ्याच वेळा ५५ गाठलं नाही असं दिसतं तेव्हा ही वजावट अर्धवट केलेली असते. आधी ती तपासायची, मग रडायचं. तरीही तूट उरली तर सूट मागता येते : गंभीर आर्थिक अडचण दाखवून, किंवा आपले पगार तुलनेच्या डिस्ट्रिक्टपेक्षा जास्त आहेत हे सिद्ध करून. चार्टर शाळांना (सरकारी पैशावर पण स्वायत्तपणे चालणाऱ्या) हे कलम लागूच नाही.

आडकित्ता
बरोबर, वजावटीचं लक्षात नव्हतं. दुरुस्ती मान्य.

तिरपागडा
मराठी संकेतस्थळावर 'दुरुस्ती मान्य'? तारीख लिहून ठेवा.

प्लेनोकर
हिशेबनीस म्हणतात तीच गत '६५ टक्के' मोहिमेची झाली होती. २००५ च्या सुमारास ओव्हरस्टॉक कंपनीच्या पॅट्रिक बर्न यांच्या पाठबळावर ही कल्पना राज्याराज्यांत फिरली : बजेटचे ६५ टक्के वर्गात गेलेच पाहिजेत, नवा कर न लावता. टेक्सासमध्ये गव्हर्नर पेरी यांनी ऑगस्ट २००५ मध्ये आदेश काढला, जॉर्जियाने २००६ मध्ये कायदा केला, कोलोरॅडोच्या मतदारांनी त्याच वर्षी नाकारलं.

भानगड व्याख्येत. 'शिकवणं' म्हणून केंद्रीय आकडेवारीतली व्याख्या उचलली होती. त्यात खेळ आणि इतर उपक्रम धरलेले, पण ग्रंथपाल, समुपदेशक, नर्स आणि बस बाहेर. म्हणजे फुटबॉलचा प्रशिक्षक वर्गात आणि ग्रंथपाल वर्गाबाहेर! बसचा खर्च तर भूगोलावर अवलंबून. पश्चिम टेक्सासात एका मुलासाठी चाळीस मैल गाडी फिरते, ते डिस्ट्रिक्ट उधळं ठरायचं. स्टँडर्ड अँड पुअर्सने २००५ मध्येच आकडे तपासून सांगितलं होतं की अशी कोणतीही किमान टक्केवारी नाही जी गाठली की निकाल हमखास सुधारतात.

बेडूकराव
टेक्सासात फुटबॉल वर्गाबाहेर धरला असता तर कायदा करणाराच विधिमंडळाबाहेर गेला असता.

एडिसनवाला
+१

आडकित्ता
तरीही टक्केवारीच्या अटीचा एक उपयोग नाकारू नका. वाटाघाटीत शिक्षक संघटनेला हातात कागद मिळतो. ५२ टक्के आहे हे दाखवलं की 'पैसेच नाहीत' हे वाक्य बोर्डाला तितक्या सहज म्हणता येत नाही.

हिशेबनीस
खरंय. आणि म्हणूनच ग्रंथपालांच्या बाजूने कुणी कागद नाचवत नाही. त्यांच्या वाट्याला छेदच.

कोयनाकाठ
मूळ प्रश्नाकडे येतो. कायदे आहेत तसे धरले तर ग्रंथपाल वाचवायला बोर्डाकडे कायदेशीर वाटा कोणत्या?

शेवग्याची शेंग
मला तीन दिसतात.

एक, पार्सल टॅक्स. प्रत्येक मालमत्तेमागे ठराविक रक्कम, दोन-तृतीयांश मतं लागतात. मतपत्रिकेच्या मजकुरात 'ग्रंथालय सेवा' असं लिहिलेलं हवं, नाहीतर तो पैसाही दुसऱ्या वाटीत जातो. वेळ लागतो, या मार्चला उपयोग नाही.

दोन, एलसीएफएफचा जादा पैसा. ग्रंथपाल सगळ्या मुलांसाठी असतो, त्यामुळे त्याचा पगार इथून द्यायचा तर एलकॅपमध्ये, म्हणजे हा पैसा कसा खर्चणार ते सांगणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या आराखड्यात, दाखवावं लागतं की हे पद मुख्यतः त्या गरजू मुलांना समोर ठेवून आहे आणि त्यांच्यासाठी परिणामकारक ठरेल. नुसतं 'सर्वांना फायदा' लिहिलं तर काउंटी परत पाठवते. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी शाळेनंतर ग्रंथालय उघडं, घरी पुस्तकं नसलेल्यांना नेण्याची सोय, त्याची मोजणी, असं ठोस लिहावं लागतं. डिस्ट्रिक्टमध्ये अशी मुलं ५५ टक्क्यांपेक्षा कमी असतील तर 'हाच सर्वांत परिणामकारक वापर का' हेही सिद्ध करावं लागतं.

तीन, २०२१ पासून एकाग्रता अनुदानाचा (वरच्या हिशोबात ५५ टक्क्यांच्या पुढच्या मुलांवर मिळणारी रक्कम) दर ५० वरून ६५ टक्के झाला. त्या वाढीव १५ चा पैसा ५५ टक्क्यांहून जास्त गरजू मुलं असलेल्या शाळांत थेट सेवा देणारी माणसं वाढवायलाच आहे. ग्रंथपाल तिथे बसू शकतो, पण फक्त त्या शाळांत.

आडकित्ता
चौथी बघा. मागच्या वर्षी या जादा पैशातलं काही खर्चायचं राहिलं असेल तर २०२१-२२ पासून ते पुढच्या वर्षी नेणं बंधनकारक आहे. एलकॅपच्या शेवटच्या तक्त्यांत 'कॅरीओव्हर' ही ओळ शोधा. तिथे आकडा असेल तर तो सभेत मोठ्याने वाचा. आणि हिशोब पटला नाही तर 'युनिफॉर्म कंप्लेंट' ही औपचारिक तक्रार लिहून देता येते, डिस्ट्रिक्टला ६० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

कोयनाकाठ
शोधली. ओळ आहे. आकडा शून्य नाही.

तिरपागडा
अरे वा. सभा कधी आहे? जिरं-मोहरी घेऊन येतो.

हिशेबनीस
सभेला जाताना ४१३७२ चा तक्ताही छापून न्या. फॉर्म सीईए, ऑडिट न झालेल्या वार्षिक हिशोबासोबत सप्टेंबरमध्ये जोडलेला असतो. भाग दोनमधली शेवटची टक्केवारी ५५ च्या वर असेल तर 'कायद्यामुळे ग्रंथपाल कमी करावा लागतोय' हे कारण तिथेच संपतं. मग बोर्डाला खरं कारण सांगावं लागेल.